उकळी फुटायच्या आधी

डॉक्टर बद्रीनाथांनी कागद वाचायला घेतला तेव्हा आसराबाई त्यांच्या खोलीच्या दारात ओलं फडकं हातात धरून उभी होती, आणि कागदातला दुसराच शब्द तिचं नाव निघाला. मुसम्मात आसराबाई, जौजे कारभारी, कौम धनगर, साकिन कदीम जालना, म्हणजे कारभारीची बायको, राहणार जुना जालना. डॉक्टर उर्दू सावकाश वाचत होते, एकेक शब्द जपून खाली ठेवावा तसे. या धर्मादाय दवाखान्यात तिला नऊ वर्षं झाली होती आणि एवढ्या वर्षांत तिच्या नावाला कुणी 'बाई' जोडलं नव्हतं. डॉक्टर 'आसरा' म्हणत. दवाखाना चालवणाऱ्या शेटजींची माणसं नुसतं 'ए' म्हणत. दाताचं काम शिकायला महिनाभरासाठी आलेले सहा जण तिला पाठीमागं 'उकळीबाई' म्हणत, आणि ते तिला ऐकू जातं हे त्यांना ठाऊक होतं. आज कागदावर ती आसराबाई झाली होती. तिला क्षणभर बरं वाटलं. त्या क्षणभराच्या बरं वाटण्याचा संताप तिला पुढं कितीतरी दिवस येत राहिला. पुढचं उर्दू तिच्या कानावरून नुसतंच जात होतं, आणि मधेच एक ओळखीचा शब्द आला. गफलत.

"काय लिव्हलंय, साहेब?"

"त्या दिवशी औजारं उकळायची राहून गेली, असं लिहिलंय," डॉक्टर म्हणाले. "तुझ्याकडून. मुद्दाम नाही. गफलत म्हटलंय, बघ. गफलत कुणाकडूनही होते."

"कोन्त्या दिवशी?"

"तुला ठाऊक आहे कोणत्या दिवशी. बस जरा. त्या स्टुलावर बस."

स्टूल पेशंटच्या नातेवाइकांसाठी होतं. ती रोज पुसायची, बसली कधीच नव्हती, आणि आताही बसली नाही. डॉक्टर तिच्याकडं न पाहता बोलत राहिले. हैदराबादहून जबाब मागितला होता, दाताची पेशंट बाई दगावली कशानं म्हणून. तिला काही होणार नव्हतं. नोकरी जाणार नव्हती, तसं ते लिहून द्यायला तयार होते. पण त्यांचं नाव आलं तर ही दाताची खुर्ची बंद होणार होती. "मग पुन्हा लोक बाजारात बसून सांडशीनं दात उपटून घेतील, आसरा. तू बघितलंयस ते. इथं वर्षाला चार-पाचशे दात वाचतात. एका बाजूला ते ठेव, एका बाजूला हा कागद ठेव, आणि बिलकुल शांतपणानं विचार कर." अंगठा घ्यायची शाईची गादी उघडीच होती. तिच्या लक्षात आलं की ती कोरडी नव्हती. तिला बोलवायच्या आधीच कुणीतरी गादीवर ताजी शाई सोडून ठेवली होती.

"उद्या सांगते," ती म्हणाली. "घरी इचारून सांगते." नवऱ्याला विचारते असं बाईनं म्हटलं की पुरुषांना ते लगेच पटतं. डॉक्टरांनी मान डोलावली.

बाहेर नळावर मच्छिंद्र हात धूत होता. भोकरदनचा कंपाउंडर, शिकायला आलेल्या सहांतला सगळ्यांत हुशार. पहिल्या दिवशी तिचं बोलणं ऐकून "तुमी तर आमच्याकडच्याच दिसता, मावशी," म्हणाला होता, आणि तिला त्याचं कौतुक वाटलं होतं. आता तो हात धुतच राहिला.

"तुमी पाह्यलं ना त्या दिवशी?" ती म्हणाली. "बाजूलाच व्हता माझ्या."

"म्या त्या टायमाला बाहेर गेल्तो."

"न्हाई गेल्ता. त्या पोरीच्या तोंडातला रबराचा पडदा तुमीच ताणून धरला व्हता."

त्यानं नळ बंद केला. इकडंतिकडं पाहिलं. "मावशी, मला सर्टिफिकेट घ्यायचंय. चार दिवस राह्यलेत," एवढं म्हणून तो आत गेला, आणि आत जाताना त्यानं ओले हात धोतराला पुसले. पंचवीस दिवस शिकून. तिच्या तोंडात शिवी आली आणि तिनं ती गिळली, आणि गिळल्याचाही तिला राग आला, कारण तिच्या पोटात अशा गिळलेल्या गोष्टींना आता जागा उरली नव्हती.

स्टेशनाकडून येणाऱ्या रस्त्यानं ती निघाली. जिनिंगच्या भिंतीवरून कापसाची मऊ भुकटी उडून येत होती, सरकीचा उग्र वास होता, बैलगाड्यांची रांग लागली होती. नेहमी ती या रस्त्यानं पदर नाकाला लावून चालायची. आज तिनं तोंड उघडं ठेवलं. आपल्या उजव्या हाताकडं ती पुन्हा पुन्हा पाहत होती. याच हातानं दिली. डॉक्टरांनी हात पुढं केला आणि या हातानं सुई त्या हातात ठेवली, मूठ सांभाळून, टोक आपल्याकडं ठेवून, शिकवलं होतं तसं अदबीनं. कागदात सगळंच खोटं असतं तर बरं झालं असतं. मग तिला नुसतं डॉक्टरांवर ओरडता आलं असतं. पण खोट्याच्या खाली एक खरं दडून होतं, आणि ते खरं कागदावर नव्हतं, डॉक्टरांना ठाऊक असूनही नव्हतं, आणि ते तिचं होतं.

तिला उकळायचं शिकवलं ते गोजरबाई नर्सनं. काटकुळी, तोंडाळ म्हातारी, कुणाला न भिणारी. आसराबाई तेव्हा झाडलोट करायची. गोजरबाईनं एक दिवस तिला स्टोव्हजवळ ओढून नेलं. "पानी गरम झालं म्हंजी उकळलं न्हाई. बुडातून बुडबुडे वर आले पाह्यजेत, झाकण नाचलं पाह्यजे. मंग घड्याळाकडं पाह्यचं. मोठा काटा चार घरं हलला की औजारं काढायची. मधी एक जरी औजार आत टाकलंस, तर मोजणी पुन्हा पह्यल्यापून." पाण्यात चिमूटभर सोडा टाकायचा, म्हणजे लोखंड गंजत नाही. चिमटासुद्धा उकळलेलाच हवा, नाहीतर सगळं फुकट. आसराबाईला अक्षर येत नव्हतं, पण घड्याळाची चार घरं आली, आणि ती आली म्हणून तिला आपण कुणीतरी झाल्यासारखं वाटलं. का उकळायचं हे मात्र गोजरबाईला सांगावं लागलं नाही. ते तिला मेंढरांनी आधीच शिकवलं होतं. लग्न होऊन आली त्या वर्षी कळपात देवी आल्या. सासरा धुळाजी मेंढरांच्या अंगावरचे फोड बाभळीच्या काट्यानं फोडायचा, तोच काटा एका मेंढराकडून दुसऱ्याकडं, मधे पटक्याला पुसून. ती पंधरा वर्षांची होती. ज्या मेंढरावर एकच फोड होता त्याच्यावर चार दिवसांत वीस फोड तिनं पाहिले. ती म्हणाली, "मामा, काटा बदला की." धुळाजी हसला होता. सगळेच हसले होते, दीरही, नवराही. सून मेंढरं शिकवाया आली म्हणून. ती गप्प बसली. दीडशेतली तीस मेंढरं उरली, आणि कारभारी हमालीला जालन्याला आला. त्या हसण्यानं ती तेव्हाही गप्प बसली होती.

पुलावर येऊन ती थांबली. खाली कुंडलिकेत थोडंसं पाणी होतं, धोबी कपडे आपटत होते. तिची जीभ डाव्या बाजूच्या दाढेकडं गेली. ती दाढ डॉक्टरांनी वाचवलेली होती. पाच वर्षांपूर्वी ते कलकत्त्याहून दाताचं शिकून आले तेव्हा गावात कुणाचा विश्वास बसत नव्हता. दात किडला तर उपटायचा, एवढंच लोकांना माहीत. हे म्हणायचे, दाताच्या मुळात बारीक नळी असते, तिच्यात शीर असते, ती सडते म्हणून ठणका लागतो. शीर काढा, नळी स्वच्छ करा, तिच्यात औषध भरा, दात आपल्या जागी राहतो. केसासारख्या बारीक काटेरी सुया होत्या त्यांच्याकडं. तीन खेपा बोलवायचे. प्रत्येक खेपेला नळीत ठेवलेला कापसाचा बोळा काढून नाकाशी धरायचे. वास आला की दात बंद करायचा नाही, पुन्हा धुवायचा. वास नसला तरच रबरासारख्या चिवट काडीनं नळी भरायची. पहिली दाढ तिचीच, कारण पेशंट मिळत नव्हता. तीन खेपा केल्या त्यांनी, चार खेपा केल्या. बोळ्याचा वास घेताना त्यांचा चेहरा देवघरात उदबत्ती लावणाऱ्या माणसासारखा व्हायचा. तेव्हा मोठा काटा चार घरं हलेपर्यंत ते हाताची घडी घालून उभे राहायचे, आणि म्हणायचे, आसरा म्हणेल तेव्हाच. हे आठवून तिला अधिकच राग आला. माणूस मुळातच नालायक असता तर तिनं पहिल्याच दिवशी ओळखलं असतं. हा चांगला होता. याला सगळं माहीत होतं. यानंच तिला सांगितलं होतं की एका सडक्या दातातून दुसऱ्या दातात सुई गेली तर विष आत पेरल्यासारखं होतं.

नाव झालं आणि घाई आली. औरंगाबाद, परभणी, बीडकडून चिठ्ठ्या आल्या, आम्हालाही शिकवा. शेटजींनी सहा जणांची महिनाभर सोय केली. डॉक्टर बोलत फार छान. फळ्यावर दात काढायचे, मुळं काढायचे, खडूनं नळी दाखवायचे. स्वच्छतेवर त्यांनी एक अख्खी सकाळ घालवली. आसराबाई मागं उभी राहून ऐकत होती आणि तिला वाटत होतं, हे माझंच काम सांगताहेत. पण खुर्च्या दोन झाल्या, पेशंट दिवसाला बारा झाले, आणि बारीक सुयांच्या पेट्या दोनच राहिल्या. लढाई संपली तरी विलायतेहून माल येत नव्हता. एक पेटी उकळत असायची, एक तोंडात. मधे थांबावं लागायचं. थांबलं की पोरं जांभया द्यायची, घड्याळाकडं बघायची, मग तिच्याकडं बघायची. "उकळीबाईला इचारा, झालं का." हळूहळू चार घरांची तीन झाली. मग दोन. तिनं डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, सोड्यात लवकर होतं. तसं त्यांनी फळ्यावर लिहिलं नव्हतं.

आणि मग बारावा दिवस. हैदराबादहून खात्याचे दोन साहेब बघायला येणार होते. त्यांना आवडलं तर दरवर्षी इथं असे वर्ग होणार, सरकारच्या मंजुरीनं. सकाळपासून भिंतीला चुना, फरशीला फिनेल. साहेब आले, खुर्च्या टाकून बसले, चहा आला. आधी एका म्हाताऱ्या अडत्याचा दात उघडला होता. त्यातून पू आला, आणि त्याच्या वासानं एका साहेबानं रुमाल नाकाला लावला. दुसरी पेटी सकाळीच वापरून झाली होती, ती आत्ताच पाण्यात पडली होती. दुसऱ्या खुर्चीत झुंबरबाई. तीर्थपुरीच्या धर्मराजची बायको. नवरा कापूस घेऊन जिनिंगला आला होता, धर्मशाळेत उतरले होते, आणि तिची खालची शेवटची दाढ ठणकत होती म्हणून तिला घेऊन आला. वीस-बावीस वर्षांची. चार महिन्यांचं लेकरू बाहेर धर्मराजच्या कडेवर. खुर्चीत बसताना तिनं आसराबाईचा हात घट्ट धरला आणि कानात म्हणाली, "लई दुखंल का हो, मावशी? लेकरू अंगावर पितंय माझं." आसराबाई म्हणाली, काही दुखत न्हाई. दाढेत लाळ जाऊ नये म्हणून मच्छिंद्रनं रबराचा पडदा ताणला. डॉक्टरांनी दाढ उघडली, साहेबांना दाखवली, आणि पाठीमागं हात केला. सुई.

"उकळी आली न्हाई अजून, साहेब," ती म्हणाली.

"ती दे. स्पिरिटात बुचकळ आणि दे." ती म्हणजे अडत्याच्या तोंडातून नुकतीच निघालेली, ताटलीत पडलेली.

"साहेब, चार घरं तरी..."

डॉक्टर हसले. साहेबांकडं वळून म्हणाले, "हमारी आसरा का निकाह तो घडी से हुआ है." साहेब हसले. सहाही जण हसले, मच्छिंद्रचे हात हसण्यानं हलले आणि पडदा हलला. डॉक्टरांचा हात तसाच होता, बोटं हलत होती, जल्दी, जल्दी. आसराबाईनं सुई स्पिरिटात बुडवली, काढली, आणि दिली. नंतर आणखी एक गोष्ट झाली, ती तिला दुसऱ्या दिवशी पुरती कळली. साहेबांना सगळी रीत शेवटपर्यंत दाखवायची म्हणून डॉक्टरांनी दाढ त्याच बैठकीत पक्की बंद केली. बोळा ठेवला नाही. वास घेतला नाही. आत जे होतं ते आत कोंडलं.

तिसऱ्या दिवशी झुंबरबाई परत आली तेव्हा तिची हनुवटी आणि गळा एक झाला होता. हात लावला तर लाकडासारखा. तोंड बोटभरही उघडत नव्हतं. डॉक्टरांनी दाढ उघडायचा प्रयत्न केला, जबडाच हलेना. हनुवटीखाली चीर दिली, काळसर पाणी आलं, पू आला नाही. ते दोन दिवस घरी गेले नाहीत, हे तिनं पाहिलं होतं. शेक दिला, सुया टोचल्या, तारा केल्या. मुंबईला काही नवीन औषध निघालंय म्हणत होते, ते येईपर्यंत... झुंबरबाईला आडवं पडता येत नव्हतं, पडलं की श्वास कोंडायचा. ती भिंतीला टेकून बसायची, जीभ वर उचललेली, लाळ गळत असलेली, आणि आसराबाईकडं बघायची. बाहेर लेकरू रडलं की तिची चोळी भिजायची. बोलता येत नव्हतं, मग ती बोटानं दाराकडं खूण करायची, त्याला आणा म्हणून. आणायचे. त्याला जवळ धरलं की तिला श्वास पुरायचा नाही, पुन्हा बाजूला करायचे. पाचव्या दिवशी दुपारी, भर उजेडात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ती गुदमरून गेली. आसराबाईनं तिची चोळी बदलली. ती ओलीच होती.

आणि धर्मराज डॉक्टरांच्या पाया पडला. हेच आसराबाईच्या डोक्यातून जात नव्हतं. लेकरू एका हातात, दुसरा हात डॉक्टरांच्या बुटांवर. "तुमी लई केलं, साहेब. दोन दिस जागले. तिचंच नशीब इतकं." डॉक्टर मागं सरले, आता बोलतील असं तिला वाटलं. ते बोलले नाहीत. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आणि ती, दारात उभी, औजारांचं तबक हातात. तीही बोलली नाही.

कारभारी जिनिंगमधून आला तेव्हा चूल पेटलेली होती. त्याच्या भुवयांवर कापूस होता. तिनं भाकरी थापता थापता सगळं सांगितलं, कागदाचं. त्यानं ऐकलं आणि जेवायला बसला.

"मंग दे आंगठा. आपलं काय जातं?"

"म्या उकळलं न्हाई असं लिव्हलंय त्यात."

"लिव्हलं तर लिव्हलं. नोकरी ठिवतो म्हन्ला ना? तू काय डाक्टर हाएस का, तुझं नाव खराब व्हयाला?"

भाकरी तव्यावर होती. तिनं ती उलटली नाही. करपल्याचा वास आला तरी उलटली नाही. या माणसाबरोबर तिनं सतरा वर्षं काढली होती आणि तो वाईट नव्हता, तिच्यावर त्यानं कधी हात उगारला नव्हता. "तुझं नाव खराब व्हयाला." तिला नावच नाही असं त्याला वाटत होतं. घड्याळाची चार घरं, नऊ वर्षं, हातांना सोड्यानं पडलेल्या भेगा, हे सगळं म्हणजे काहीच नाही, कुणीही उचलून कुठंही ठेवावं असं. "तुमीबी हसला व्हता," ती म्हणाली.

"कवा?"

"मेंढराला देवी आल्त्या तवा. म्या काटा बदला म्हन्लं तवा."

त्याला ते आठवतही नव्हतं. "आसरे, तुला काय झालंय?"

"काय न्हाई. भाकर करपली. दुसरी करते."

सकाळी ती दवाखान्याकडं वळली नाही. अंबडची मोटार धरली, आणि अंबडहून पुढं कापूस विकून परतणाऱ्या एका गाडीवाल्याला म्हणाली, तीर्थपुरीला सोड. वाटेत दोन्ही बाजूंना कापसाची वेचणी चालली होती, बायका ओटे बांधून पाठमोऱ्या वाकलेल्या. गाडीच्या प्रत्येक धक्क्याला तिला वाटायचं उतरावं, परत जावं. काय सांगणार होती ती? सांगून झुंबरबाई येणार होती का? डॉक्टरांचं बोलणं तिच्या कानात अजून बरोबर चाललं होतं, एका बाजूला ते ठेव, एका बाजूला हे ठेव. चार-पाचशे दात. खरंच होतं ते. लोक खरंच पुन्हा सांडशीकडं जाणार होते. पण त्या चार-पाचशेंत झुंबरबाई कुठं होती? तिला कुणी कुठल्या बाजूला ठेवलं होतं? आणि ज्या सहा जणांनी तो दिवस पाहिला होता ते आता सहा गावांत जाणार होते, सर्टिफिकेट भिंतीला लावणार होते, आणि ताटलीतली सुई स्पिरिटात बुचकळणार होते, कारण ते तेच शिकले होते. फळ्यावरचं नाही, ते. तिच्या हातून शिकले होते. हे मनात आलं तेव्हा तिचे दात एकमेकांवर इतके घट्ट बसले की गाडीवाल्यानं वळून विचारलं, "मावशी, हीव वाजून आलंय का?"

घर शोधायला लागलं नाही. दिवस अजून हातभर वर होता. धर्मराज अंगणात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा भारा सोडत होता. त्याची आई उषाबाई लेकराला मांडीवर घेऊन वाटीनं शेळीचं दूध पाजत होती. आसराबाईला पाहून दोघंही उठले. उषाबाईनं तांब्या आणला. "या, बाई. इतक्या लांबून आल्ता. डाक्टरसायबानं धाडलं का?" तिनं पोतं अंथरलं, गूळ आणला. आसराबाई उभीच राहिली. पाण्याला हात लावला तर आपण बोलणार नाही, हे तिला कळत होतं.

"डाक्टरनं न्हाई धाडलं. म्या माझी आले," ती म्हणाली, आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. भराभर, कुणी मधेच अडवेल अशा भीतीनं. साहेब आले होते, डॉक्टर म्हणाले, डॉक्टरांनी मागितली, डॉक्टर हसले, डॉक्टरांनी दाढ बंद केली. कागदाचंही सांगितलं. धर्मराजच्या हातातली पऱ्हाटी तशीच राहिली. लेकरू वाटी ओढत होतं, दूध उषाबाईच्या लुगड्यावर सांडलं, तिनं ते पुसलं नाही.

"थांब," उषाबाई म्हणाली. आवाज बारीक होता. "ती सुई खराब हाये, हे तुला ठाऊक व्हतं?"

"व्हतं."

"मंग काऊन दिली?"

हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी नाही, कारभाऱ्यानं नाही. ते दोघं तिला क्षमा करत होते, न विचारताच. वाटभर तिनं पुष्कळ उत्तरं जमवली होती, नोकरी, साहेब, माझं कोण ऐकतं. त्यातलं एकही आता तोंडात येईना.

"ते हसले माझ्यावर," ती म्हणाली. "सगळेच. मला वाटलं, आता हसू नयेत."

उषाबाईनं लेकराला पोत्यावर ठेवलं, पुढं आली आणि तिच्या तोंडात मारली. डावीकडं, वाचवलेल्या दाढेवर. आसराबाई हलली नाही. तिनं पदरही तोंडाला लावला नाही. उषाबाईचा हात पुन्हा उचलला गेला आणि हवेतच थांबला, मग ती मटकन खाली बसली आणि लेकराला छातीशी धरून एक लांब, आवाज नसलेलं रडू रडायला लागली.

"म्या त्याच्या पाया पडलो," धर्मराज म्हणाला. तो कुणाशीच बोलत नव्हता. "बुटावर हात ठिवला म्या त्याच्या. ह्या हातानं."

पुढं जे झालं ते फार मोठं नव्हतं. धर्मराज आणि ती अंबडच्या तहसिलीत गेले, तिथं तिचा जबाब लिहून घेतला, तो हैदराबादला गेला. डॉक्टरांनी आपला जबाब दिला. मच्छिंद्रनं आपण बाहेर गेलो होतो असंच सांगितलं. कुणाला शिक्षा झाली नाही. वर्गाला मंजुरी मिळाली नाही, डॉक्टर बद्रीनाथ उन्हाळ्यात जालना सोडून गेले, दाताची खुर्ची पोत्यानं झाकून ठेवली गेली, आणि गावातले लोक, ज्यांचे दात ठणकत होते ते, आसराबाईला रस्त्यात शिव्या देऊ लागले. नोकरी गेली. कारभारी दोन महिने बोलला नाही. जिनिंगमध्ये सरकी निवडायच्या कामावर ती लागली, तिथंही बायका तिच्यापासून अंतर ठेवून बसायच्या, आणि ती त्यांच्याकडं मान वर करून बघायची.

पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी तीर्थपुरीच्या अंगणात धर्मराजनं पऱ्हाटीचा भारा बाजूला ढकलला, तिच्यासमोर येऊन उकिडवा बसला आणि तिच्याकडं रोखून पाहिलं. त्याचे डोळे लाल होते पण आवाज शांत होता, आणि त्या आवाजात तिच्याविषयी कसलीही दया नव्हती.

"मावशी, पुन्हा सांग," तो म्हणाला. "पह्यल्यापून. हळू सांग. माझ्या ध्यानात बराबर राह्यलं पाह्यजे."

ती खाली बसली. गालात आग होत होती. तिनं एकदा उषाबाईकडं पाहिलं, लेकराकडं पाहिलं.

"म्या सुई दिली," ती म्हणाली. "अन् डाक्टरनं ती घेतली."